कोणाच्या तुलनेत?

एप्रिल २०२१. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक मोबाइलवर एकाच धाटणीचे निरोप फिरत होते. अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा हवा, रुग्ण गंभीर आहे, कोविड होऊन गेलेल्यांनी ताबडतोब संपर्क साधावा. मुलं आईवडिलांसाठी या शहरातून त्या शहरात रक्तपेढ्या पालथ्या घालत होती. ज्यांना प्लाझ्मा मिळाला नाही आणि ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मनात आजही सल आहे की आपण धावपळीत कमी पडलो.

ते कमी पडले नव्हते. त्याआधी सहा महिने, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘प्लॅसिड’ ही चाचणी ‘बीएमजे’ या नियतकालिकात छापून आली होती. देशभरातली ३९ रुग्णालयं, मध्यम आजारी असलेले ४६४ रुग्ण. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला, दुसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. अठ्ठावीस दिवसांत आजार बळावलेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्माच्या गटात ४४ निघाले, दुसऱ्या गटात ४१. शेकड्यात सांगायचं तर १९ आणि १८. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या कितीतरी मोठ्या चाचणीनेही तेच सांगितलं. आपल्याकडे उपचारांच्या राष्ट्रीय सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसरी लाट उच्चांकावर पोचून गेल्यावर.

औषधाच्या चिठ्ठीवर प्लाझ्मा लिहिणारे डॉक्टर वाईट हेतूने लिहीत नव्हते. समोर माणूस गुदमरत होता, हातात फारसं काही नव्हतं, आणि प्लाझ्मा दिलेले काही रुग्ण बरे होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अडचण नेमकी त्या पाहण्यातच होती. न देताही तितकेच बरे झाले असते का, हे एका वॉर्डात उभं राहून दिसत नाही. त्यासाठी चाचणी करावी लागते, आणि कुणी केली असेल तर ती वाचता यावी लागते. संशोधनाचा निबंध पारखून वाचणं ही वेगळी विद्या आहे आणि ती मुद्दाम शिकवावी लागते. आज ती प्रश्नावलीच्या रूपात शिकवली जाते : तुलना कोणाशी केली, गट कसे पाडले, मधेच किती जण गळाले, मोजलं काय, आणि हे रुग्ण माझ्या रुग्णांसारखे आहेत का. या प्रश्नांतला एकही कुणाला टेबलाशी बसून सुचलेला नाही. प्रत्येकामागे एखादी चूक आहे आणि त्या चुकीची किंमत मोजलेली माणसं आहेत. म्हणून या प्रश्नावलीचं घराणं शोधावंसं वाटलं.

आपल्या भाषेत तर ‘चिकित्सा’ या एकाच शब्दात उपचारही आहे आणि पारखही. तो शब्द संस्कृतातल्या ‘चित्’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला. जाणून घेण्याची इच्छा त्याच्या मुळाशी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, वैद्य होऊ पाहणाऱ्याला सांगितलं आहे की लोकात वैद्यकाचे नाना ग्रंथ चालतात, तेव्हा शिकायला घेण्याआधी ग्रंथ पारखून घ्यावा. त्यासाठी कसही दिला आहे : जाणत्यांनी मानलेला, पुनरुक्ती नसलेला, नीट क्रमाने रचलेला, लक्षणं आणि उदाहरणं देणारा. ग्रंथानंतर आचार्याचीही परीक्षा घ्यायला सांगितली आहे. विद्यार्थ्याने पुस्तकाची आणि गुरूची परीक्षा घ्यावी असं त्या काळी लिहून ठेवणं ही मोठीच गोष्ट. पण हा कस ग्रंथाच्या घडणीचा आहे. त्यात सांगितलेल्या औषधाने दहांतले किती वाचले, हे मोजायची रीत यायला पुढे पुष्कळ शतकं जावी लागली.

युरोपात ती रीत एका आव्हानातून डोकावते. फ्लँडर्सचे वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांच्या १६४८ साली, म्हणजे मृत्यूनंतर, छापलेल्या ग्रंथात त्यांनी रक्त काढणाऱ्या वैद्यांना ललकारलं आहे. इस्पितळांतून आणि छावण्यांतून तापाचे दोनशे-पाचशे गरीब रुग्ण घ्या, त्यांचे दोन भाग करा, कोणता भाग कोणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. तुम्ही रक्त काढून बरे करा, मी न काढता करतो, आणि शेवटी दोघांच्या वाट्याला किती प्रेतयात्रा येतात ते पाहू. चिठ्ठी आणि मोजणी, दोन्ही त्यात आहेत. ते आव्हान कोणी उचलल्याची नोंद नाही.

रक्त काढणं चालूच राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसवर ब्रुसे या वैद्याचा मोठा पगडा होता. बहुतेक रोगांवर जळवा लावायच्या असा त्यांचा उपदेश. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या. त्याच पॅरिसमध्ये प्येर शार्ल अलेक्सांद्र लुई हे डॉक्टर होते. तरुणपणी ते रशियात वैद्यकी करत. ओडेसात घटसर्पाची साथ आली आणि आपल्या हातून मुलं वाचत नाहीत हे त्यांना दिसलं. चांगला जम बसलेला व्यवसाय सोडून ते पॅरिसला परतले आणि इस्पितळाच्या वॉर्डात वर्षानुवर्षं रुग्णांच्या नोंदी करत बसले. कोणाचं केव्हा रक्त काढलं, तो किती दिवस आजारी होता, वाचला की गेला, मेल्यावर शवविच्छेदनात काय आढळलं.

न्यूमोनियाचे ७७ रुग्ण त्यांनी असे तपासले. ज्यांचं रक्त पहिल्या चार दिवसांत काढलं त्यांच्यातले शेकडा ४४ दगावले, ज्यांचं पुढे काढलं त्यांच्यातले शेकडा २५. लवकर रक्त काढलं की आजार मोडतो, हा तेव्हाचा ठाम समज होता आणि आकडा उलट बोलत होता. १८३५ साली लुईंनी हे पुस्तकरूपाने मांडलं. सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की प्रत्येक रुग्ण निराळा असतो, माणसांची बेरीज करता येत नाही. लुईंची भूमिका अशी की रुग्ण निराळे असतात म्हणूनच पुष्कळ रुग्ण मोजायला हवेत.

लुईंबद्दल मला अतोनात आदर आहे. तरीही त्यांचा अभ्यास आज एखाद्या चांगल्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे डॉक्टर एकत्र बसून निबंध पारखतात त्या बैठकीत, मांडला तर पहिल्या वर्षाचा रेसिडेंटसुद्धा एक शंका काढेल, आणि त्याने ती काढायलाच हवी. उशिरा रक्त काढण्यासाठी माणूस पाचव्या दिवसापर्यंत जगायला हवा. जे तिसऱ्या दिवशी गेले ते उशिराच्या गटात येऊच शकत नव्हते. म्हणजे त्या गटाचं पारडं सुरुवातीलाच झुकलेलं होतं. रक्त काढून फायदा होत नाही हा लुईंचा संशय खरा ठरला, पण त्यांच्या तक्त्यातून तो सिद्ध होत नव्हता. निष्कर्ष बरोबर आणि रीत सदोष, असं होऊ शकतं. वाचणाऱ्याला हे दोन्ही वेगळे धरता आले पाहिजेत.

या घराण्याची एक शाखा मुंबईतून जाते, आणि आपल्याकडे तिची आठवण फार कमी काढली जाते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना टोचली. टोचलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला. पण पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी सारखाच असतो का? जो धडधाकट आहे, ज्याला भीती कमी वाटते, तोच आधी हात पुढे करत असेल तर? ही शंका रास्त होती. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचलं गेलं. अन्न तेच, कोठडी तीच, काम तेच. फरक फक्त सुईचा.

त्याच १८९८ साली बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात हाफकिननी हीच युक्ती घराघरात वापरली. प्रत्येक कुटुंबातली साधारण अर्धी माणसं टोचायची, अर्धी तशीच ठेवायची. एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवर जेवणारी माणसं. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्यांत टोचलेले ७१ जण होते, त्यांतले ३ गेले. न टोचलेले ६४ होते, त्यांतले २६ गेले. हे आकडे वाचताना त्या सव्वीस जणांपाशी थांबावंच लागतं. अर्धं घर मुद्दाम उघडं ठेवलं गेलं होतं. आणि तुरुंगातल्या कैद्याच्या ‘हो’ला स्वातंत्र्य किती असणार? आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. संशोधनाचा निबंध पारखताना रुग्णांची संमती कशी घेतली हा प्रश्न आपण विचारतो, तो अशा घरांमधून आलेला आहे.

एकाआड एक या रीतीतही एक भोक राहतं. पुढचा नंबर कोणाचा हे देणाऱ्याला आधीच कळतं. दयाळू डॉक्टर असेल तर जास्त आजारी माणूस औषधाच्या पाळीत बसवेल. औषध यशस्वी व्हावं अशी ओढ असेल तर कमी आजारी बसवेल. दोन्हीही नकळत. हे भोक बुजवलं ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. पहिल्या महायुद्धात त्यांना क्षय झाला, डॉक्टर व्हायचं राहून गेलं, मग ते संख्याशास्त्राकडे वळले. १९३७ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉक्टरांसाठी सोप्या भाषेत संख्याशास्त्राची लेखमाला लिहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं. ब्रिटनकडे ते फारच थोडं होतं, सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. कोणाला मिळावं हे शिफारशीवर सोडण्यापेक्षा चिठ्ठीवर सोडणं जास्त न्याय्य, अशी भूमिका घेता आली. हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून क्रम ठरवला आणि तो बंद पाकिटांत घातला. रुग्ण चाचणीत घेतला गेल्यावरच पाकीट फुटायचं. क्ष-किरण चित्रं वाचणाऱ्यांनाही रुग्ण कोणत्या गटातला ते माहीत नसायचं.

१९४८ साली निकाल आला. रुग्ण १०७. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ पैकी ४ गेले, नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. पाकिटाची गोष्ट पुष्कळ ठिकाणी इथेच संपवतात. ती पुढे वाचायला हवी. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ मरण पावले होते. जंतू एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला पुरून उरले होते. चाचणी किती काळ चालली आणि त्यानंतर काय झालं, हा प्रश्न या दोन आकड्यांनी यादीत आणला. क्षयाला एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायची हेही इथूनच पुढे आलं.

या पाकिटाचा भारताशी थेट संबंध आहे. १९५६ साली मद्रासला क्षय रसायनोपचार केंद्र सुरू झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि हिल ज्या परिषदेसाठी काम करत ती ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद, अशी चौघांची भागीदारी. प्रश्न भारताचा होता. क्षयरोगी लाखोंनी आणि सॅनेटोरियममधल्या खाटा मूठभर. आपल्याकडे मिरज, पाचगणी ही नावं जुन्या पिढीच्या कानांत कशी वाजतात ते वेगळं सांगायला नको. घरात क्षय निघाला की माणूस हवापालटाच्या ठिकाणी धाडायचा, नाही तर एका खोलीत वेगळा ठेवायचा. चांगली हवा, दूध-अंडी, विश्रांती याशिवाय औषध लागूच पडत नाही, आणि रुग्ण घरी राहिला तर सगळं घर बाधित होतं, ही खात्री होती.

मद्रासच्या चाचणीत १९३ रुग्ण चिठ्ठीनेच दोन गटांत पडले. औषधं दोघांना सारखीच, वर्षभर. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा गर्दीच्या वस्तीत आपापल्या घरी, जेमतेम खाऊन. १९५९ साली निकाल छापला. बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना क्षय होण्याचं प्रमाणही जास्त नव्हतं. जगभर सॅनेटोरियम बंद होत गेली त्याच्या मुळाशी हा गरिबांच्या घरात केलेला अभ्यास आहे. मला तर वाटतं, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जर्नल क्लबचा पहिला तास या निबंधाचाच असावा.

इथवरची माणसं संशोधन करणारी. ते वाचायचं कसं, हे सामान्य डॉक्टरला शिकवायला कोणी बसलं नव्हतं. ते काम केलं कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या मॅकमास्टर विद्यापीठाने, आणि त्यातही डेव्हिड सॅकेट यांनी. सॅकेट शिकागोत शिकत होते तेव्हाचा एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. काविळीचा एक किशोरवयीन मुलगा वॉर्डात होता. त्याला बरं वाटायला लागलं आणि तो उठू-फिरू देण्याचा हट्ट धरू लागला. नियम होता अंथरुणाला खिळून राहण्याचा. सॅकेट ग्रंथालयात गेले ते या नियमाचा आधार शोधायला. त्यांना सापडला टॉमस चामर्स आणि सहकाऱ्यांचा १९५५ सालचा निबंध : कोरियन युद्धातल्या काविळीच्या अमेरिकन सैनिकांना चिठ्ठीने वाटून काहींना सक्तीची विश्रांती दिली, काहींना फिरू दिलं; बरं होण्यात फरक पडला नाही. सॅकेटनी तो निबंध वरिष्ठांना दाखवला, परवानगी मिळवली आणि मुलाला उठवलं. त्याचं काही बिघडलं नाही.

आपल्या घरांत आजही कावीळ झालेल्या मुलाला पंधरा-पंधरा दिवस झोपवून ठेवतात. तेल बंद, हळद बंद, फोडणी बंद. हळद पिवळी म्हणून बंद! मायेपोटी चाललेलं असतं सगळं. पण सत्तर वर्षांपूर्वी छापलेलं उत्तर घराघरात पोचलेलं नाही, आणि काही दवाखान्यांतही पोचलेलं नाही.

१९६७ साली, जेमतेम तिशी ओलांडलेल्या सॅकेटना मॅकमास्टरने नव्या विभागाचं प्रमुखपद दिलं. ‘क्रिटिकल अप्रेझल’, म्हणजे चिकित्सक पारख, हा शब्द त्यांच्या वर्गांतून रुजला. १९८१ मध्ये या विभागाने कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ‘वैद्यकीय नियतकालिकं कशी वाचावीत’ अशी पाच भागांची लेखमाला लिहिली. तिच्यातली मोठी सूचना साधी होती : निष्कर्षावर विश्वास ठेवण्याआधी रीत तपासा, आणि रीत बरी नसेल तर निबंध बाजूला ठेवा. वाचायला वेळ नाही ही प्रत्येक डॉक्टरची खरी तक्रार. तिला हे प्रामाणिक उत्तर होतं. सॅकेट पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना आपलं रुग्णसेवेचं ज्ञान जुनं पडलं असं त्यांना वाटलं, आणि विभागप्रमुख राहिलेल्या या माणसाने पुन्हा रेसिडेन्सी केली. ज्याला इतरांचं पारखायचं आहे त्याने आपलंही पारखावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यांचे तरुण सहकारी गॉर्डन गायट यांनी या शिकवण्याला आधी ‘वैज्ञानिक वैद्यक’ म्हणायचं ठरवलं. बाकीचे डॉक्टर भडकले. मग आम्ही करतो ते काय अवैज्ञानिक? तेव्हा ‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हे नाव आलं. १९९१ साली ते छापलं गेलं आणि १९९२ साली ‘जामा’ या नियतकालिकातल्या लेखाने जगभर पोचलं. मराठीत आपण त्याला पुराव्याधिष्ठित वैद्यक म्हणतो.

त्याच सुमारास एका चाचणीने सगळ्यांना हादरवून टाकलं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणारे रुग्ण जास्त दगावतात, हे माहीत होतं. ठोके नियमित करणारी औषधं होती आणि ती सर्रास दिली जात होती. तर्क बिनतोड वाटत होता. ‘कास्ट’ या चाचणीत एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं घेणारे ७५५ आणि नुसती साखरेची गोळी घेणारे ७४३ रुग्ण होते. सुमारे दहा महिन्यांत औषधवाल्यांतले ६३ गेले, गोळीवाल्यांतले २६. ईसीजी सुधारला होता, माणूस गेला होता. रुग्णाला ज्याची पर्वा आहे तेच मोजलं का, हा प्रश्न तेव्हापासून यादीतून हललेला नाही.

एकेक निबंध वाचणं पुरत नाही, सगळे एकत्र वाचावे लागतात, हा आग्रह डॉ. आर्ची कॉक्रन यांचा. १९७९ मध्ये त्यांनी आपल्याच व्यवसायाला खडसावलं की प्रत्येक शाखेतल्या सगळ्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा आपण तयार ठेवत नाही. इयन चामर्स यांनी ते मनावर घेतलं आणि १९९३ मध्ये कॉक्रनच्या नावाने जागतिक संस्था उभी राहिली. तिचं बोधचिन्ह म्हणजे एका वर्तुळात सात आडव्या रेघा आणि खाली एक चौकट. प्रत्येक रेघ एक चाचणी आहे. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइडचं स्वस्त इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि ते वाचतं, हे तपासणाऱ्या त्या चाचण्या. पहिली न्यूझीलंडमधली, १९७२ सालची. खालची चौकट म्हणजे सगळ्यांची मिळून बेरीज, आणि ती फायद्याच्या बाजूला स्पष्ट पडलेली. पण ही बेरीज कुणी वेळेवर केलीच नाही. मधल्या काळात बहुतेक प्रसूतितज्ज्ञ हे इंजेक्शन देत नव्हते, आणि वाचू शकली असती अशी हजारो बाळं गेली.

ही गोष्ट जगातल्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. तिचा उत्तरार्ध आपल्या विदर्भातही घडला, म्हणून तो आपण सांगायला हवा. सात रेघांमधली रुग्णालयं होती श्रीमंत देशांतली. गर्भाचं वय नेमकं माहीत, अकाली बाळासाठी अतिदक्षता कक्ष हाताशी. मग तेच इंजेक्शन गरीब देशांच्या खेड्यांत सरसकट पोचवलं तर? ‘अॅक्ट’ नावाच्या चाचणीने हे सहा देशांत तपासलं, आणि भारतातली तिची केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. जवळपास १ लाख जन्मांची नोंद झाली. इंजेक्शनचा वापर वाढवलेल्या भागांत लहान वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर हजारी मृत्यू २३.९ ऐवजी २७.४ निघाले. आयांमधला जंतुसंसर्गही वाढलेला दिसला. खेड्यात गर्भाचं वय अंदाजाने ठरतं, त्यामुळे दिवस पुरे भरलेल्या कितीतरी आयांनाही ते इंजेक्शन मिळालं होतं.

मग इंजेक्शन वाईट म्हणायचं का? तेही नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचं वय नक्की करून, २,८५२ आयांमध्ये पुन्हा तपासलं. नवजात मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. औषध एकच. नेमकं निदान आणि बाळाची काळजी असलेल्या ठिकाणी ते बाळ वाचवतं, ती नसलेल्या ठिकाणी इजा करू शकतं. ‘पुरावा आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या गावचा पुरावा, हे विचारावं लागतं. या सबंध घराण्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर देण्यात नागपूरच्या आसपासच्या आयांचा वाटा आहे.

एवढं सगळं शिकून झाल्यावर मार्च २०२० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयहून कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचा निबंध आला. औषध सुरू केलेले २६ रुग्ण होते, हिशेबात धरले २०. सुटलेल्या सहांपैकी तीन अतिदक्षता विभागात गेले होते, एक मरण पावला होता, एकाला मळमळीमुळे औषध थांबवावं लागलं आणि एक रुग्णालय सोडून गेला. म्हणजे ज्यांचं बिघडलं त्यांनाच बेरजेतून वगळलं गेलं होतं. हे त्या निबंधातच छापलेलं होतं. पाच मिनिटांत सापडत होतं. काही जणांनी ते पहिल्याच दिवशी दाखवूनही दिलं. जगाने मात्र सारांश वाचला आणि औषधांची दुकानं रिकामी केली. तो निबंध मागे घेतला गेला डिसेंबर २०२४ मध्ये.

आपल्याकडे एमडी-एमएसच्या प्रत्येक विभागात जर्नल क्लब असतो. पुष्कळ ठिकाणी तो असा चालतो : रेसिडेंट रात्रपाळी करून आलेला असतो, निबंध आदल्या दिवशी हाती पडलेला असतो, तो स्लाइडवर उतरवून वाचून दाखवतो, पी व्हॅल्यू सांगतो, आणि पुढची ओपीडी असते म्हणून सगळे उठतात. दोष त्या मुलांचा नाही. छत्तीस तास जागलेल्या माणसाकडून पारख मागता येत नाही. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : महिन्यात चारऐवजी एकच निबंध घ्या, पण पूर्ण तास त्याच्या रीतीवर घालवा, आणि रेसिडेंटला तुमच्याच आवडत्या उपचाराविरुद्ध बोलू द्या.

रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठीही एक दार उघडं आहे. जुलै २००७ पासून भारतात चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, सीटीआरआय नावाची. जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद त्यात, पहिला रुग्ण घेण्याआधी, करणं सक्तीचं झालं. तुलना कोणाशी करणार, किती रुग्ण घेणार, नेमकं काय मोजणार, हे संशोधकाने तिथे आधीच लिहून द्यायचं असतं. ती नोंद इंटरनेटवर कोणालाही, पैसे न देता, वाचता येते.